तिरपा उजेड

फोनवर सेक्रेटरी एवढंच म्हणाले,
"चालू जाता, पण काय दिसणा नाय."

परुळ्याहून स्कूटर घेऊन निवतीला पोचले तेव्हा
सोसायटीच्या खोलीत आठ माणसं
एका काळ्या पडद्यासमोर
चपला काढून बसलेली.
बंदी उठायला तीन दिवस,
डिझेलच्या कोट्याची यादी त्या डब्यात,
आणि डबा नुसता घुमत होता.

मी कुशीचं झाकण खोललं.
आत कुंभारणीने मातीचं घर बांधलेलं,
पंख्याच्या कडेला, दोन खोल्यांचं,
भाडेकरू कधीच उडून गेलेले.
खाऱ्या हवेने स्क्रूंची डोकी खाल्लेली.
रॅमचे सोनेरी दात कळकलेले
बिनकल्हईच्या भांड्यासारखे.

खोडरबर मागितला.
सगुण तारींच्या नातीने कंपासपेटीतून काढून दिला,
वर बजावलं,
"त्याका वास आसा. संपवू नको."

घासलं. फुंकलं. दाबून बसवलं.
बटण दाबलं.
काळोख.

"मेलो," मागून कोणीतरी म्हणालं
आणि दुसऱ्याने त्याला लगेच गप्प केलं,
घरात आजारी माणूस असताना करतात तसं.

ज्यांच्याकडे मी हे काम शिकले
ते वेंगुर्ल्याचे मास्तर सांगायचे:
आधी ऐक.
एक टुक म्हणजे बरा आहे,
तीन म्हणजे मेमरी,
काहीच नाही वाजलं तर चहा पी.

"जरा गप रवा," मी म्हटलं.
बंद केलं. चालू केलं.
टुक.
आणि मग, कितीतरी वेळाने,
ते सुरुवातीचे चार सूर,
विहिरीत बादली टेकावी तसे.

म्हणजे उठलाय की हा.
तोंड धुऊन, कपडे करून उभा आहे,
आणि दिवा लावायचं आम्हीच विसरलोय.

एवढं कळलं. पुढे काय ते सुचेना.

तेव्हा सगुण तारी उठले,
मशीनला जन्मात बोट न लावलेले.
खिशातली बॅटरी काढली,
पडद्याच्या अंगाला लावून तिरपी धरली,
ओहोटीला खडपात कुर्ल्या शोधताना धरतात तशी.
समोरून मारली तर पाणी डोळ्यात परततं.
बाजूने मारली
तर तळ दिसतो.

दिसला.
फिका, राखेवर बोटाने काढल्यासारखा:
डाव्या कोपऱ्यात पिवळे फोल्डर,
मागे कोणीतरी लावलेला
समुद्रातल्या दीपगृहाचा फोटो.

चित्र जागच्या जागी होतं.
त्याच्या मागची लाइट तेवढी गेली होती.
अकरा वर्षं हे काम करतेय मी.
माझ्याही पिशवीत बॅटरी होती.

मॉनिटर कुडाळहून उद्या येणार. यादी आजच हवी.
मग तारींनी उजेड धरला, मी माउस,
सेक्रेटरींनी वही.
एका वेळी वीतभरच दिसायचं,
तेवढंच वाचायचं, मग उजेड खाली सरकवायचा.
'सातेरी प्रसन्न', सहाशे लिटर.
'वेतोबा कृपा', साडेचारशे.
'मदर वेलंकनी', सहाशे.
'चंद्रभागी',

इथे उजेड थांबला.

"ती इकलंय मी," तारी म्हणाले. "शिमग्यात."
सेक्रेटरींचं पेन वर.
"काटू?"
"काट मरे."
पण बॅटरी हलली नाही,
आणि मी माउस हलवला नाही,
आणि पडद्यावर त्या एका ओळीला
पोटाखालून वल्ही मारावीत तसा
हात थरथरल्याने उजेड लागत राहिला.

"फुडे," ते म्हणाले.

रात्री नऊला यादी पुरी झाली.
पैसे उद्या, मॉनिटर बसल्यावर.
आज कागदात गुंडाळलेले चार सुके बांगडे.

निघताना रबर परत केला,
अर्धा झिजलेला, कडा हिरव्या.
पोरीने नाकाशी नेला,
बराच वेळ हुंगला,
आणि माझ्याकडे असं बघितलं
की मी हेल्मेट घालून टाकलं.